जूनमधला हुरडा

माझ्या पुण्यातल्या फ्लॅटमधला फ्रिज आवाज करत नाही. घेताना दुकानदाराने हा त्याचा मोठा गुण म्हणून सांगितला होता, आणि मला नेमका त्याचाच राग येतो. फ्रिज चालू आहे की बंद हे कळायला दार उघडून आतला दिवा बघावा लागतो, ही काय रीत झाली? आप्पांच्या घरी असं नव्हतं. तिथली पेटी सुरू झाली की जिना थरथरायचा, वर माझ्या खोलीतल्या मांडणीवरच्या ताटल्या किणकिणायच्या आणि खालून आप्पांचा आवाज यायचा, "बाई, लागली बगा!" कंप्रेसर थोड्या थोड्या वेळाने आपोआप चालू होतो हे सगळ्या जगाला ठाऊक आहे. आप्पांना मात्र दर खेपेला ती ताजी बातमी वाटायची.

मी तेव्हा सोलापुरात एका शाळेत शिकवत होते आणि बाळीवेशीजवळच्या आप्पांच्या घरात वरच्या खोलीत भाड्याने राहत होते. आप्पांच्या पत्नी मी यायच्या आधीच वारल्या होत्या. एकुलती एक लेक लग्न करून कॅनडात गेलेली. घरात आप्पा, देव्हारा आणि जिन्याखाली ती पेटी. पेटी म्हणजे वरून झाकण उघडणारा डीप फ्रीजर, आईस्क्रीमच्या दुकानात असतो तसला. गावातलं एक दुकान बंद पडलं तेव्हा आप्पांनी तो हातगाडीवर घालून घरी आणला होता. त्याच्या अंगावर अर्धवट सोललेली कुल्फीची चित्रं होती. बनवणारी कंपनी केव्हाच बुडाली होती, त्यामुळे काही मोडलं तर नवा भाग मिळायची सोय नाही. शहाण्या माणसाने असली वस्तू घेतली नसती. आप्पांनी बहुतेक त्याच कारणासाठी घेतली.

कारण आयुष्यभर ते एका गिरणीच्या स्टोअरमध्ये होते. खात्यातून कुणीतरी धावत यायचं, अमुक मशीन थांबलंय म्हणायचं, आणि आप्पा फळीवरून नेमका तो भाग काढून त्याच्या हातावर ठेवायचे. गिरणी बंद झाली, फळ्या गेल्या, पण माणूस तसाच राहिला. "पार्ट असतोच, बाई," ते म्हणायचे. "आपल्याला घावत न्हाय ही गोष्ट येगळी. पर कुटंतरी असतोच." हे ते मिक्सरच्या भांड्याबद्दल म्हणायचे, माझ्या चष्म्याच्या दांडीबद्दल म्हणायचे आणि एकदा आमच्या मुख्याध्यापिकांच्या गुडघ्याबद्दलही म्हणाले होते.

पेटीत असायचा हुरडा. दुसरं काही नाही. मी पहिल्या उन्हाळ्यात मोठ्या आशेने विचारलं होतं, "आप्पा, माझी पाण्याची बाटली ठेवू का आत?" तर त्यांनी असं बघितलं, जणू मी देव्हाऱ्यात चपला ठेवायची परवानगी मागितली होती. मग त्यांनीच मला माठातलं पाणी आणून दिलं आणि म्हणाले, "ती पेटी गुतलेली हाय."

कशात गुंतलेली ते हळूहळू कळलं. अक्कलकोट रस्त्याला आप्पांचं थोडं रान होतं, बटईने दिलेलं. तिथे गूळभेंडी ज्वारी व्हायची. पौषात, गड्ड्याची जत्रा भरते त्या सुमाराला, कणसं दुधात आली की गोवऱ्यांच्या आरावर भाजायची, गरम असतानाच हातावर चोळायची आणि शेंगाचटणीबरोबर तिथंच बांधावर बसून खायची. लेक लहानपणी हुरड्याच्या दिवसांत शाळा बुडवायची. कॅनडात गेल्यावर तिला सुट्टी मिळायची ती पोरांच्या शाळेबरोबर, म्हणजे जून-जुलैत. एकदा थंडीत फोनवर ती सहज बोलून गेली, "आप्पा, हुरडा खाऊन किती वर्षं झाली हो!" एवढंच. विषय बदलला, नातवंडं फोनवर आली, फोन संपला. आणि दुसऱ्या दिवशी आप्पा डीप फ्रीजर शोधायला बाहेर पडले.

तेव्हापासून दर पौषात आप्पा रानात जायचे, पोतंभर कणसं भाजायचे, चोळून पाखडून हुरडा पिशव्यांत भरायचे आणि पेटीत ठेवायचे. लेक जूनमध्ये आली की खायला. "बर्ताळ," ते कानडीत म्हणायचे. येईल ती. एका वर्षी तिच्या धाकट्याचं दुखणं निघालं, एका वर्षी जावयाची नोकरी बदलली, मग लॉकडाऊन आलं. जून यायचा, नळाला पाणी चार दिवसांआड यायचं, लेक यायची नाही. पुढच्या पौषात नवा हुरडा आला की आप्पा जुन्या पिशव्या काढून शेजारच्या गवळ्याच्या म्हशींना घालायचे. त्या दिवशी ते जेवायचे नाहीत. मला वाटतं, आख्ख्या सोलापुरात उन्हाळाभर बर्फात जपलेला हुरडा खाणाऱ्या म्हशी तेवढ्याच असतील.

पेटीची निगा हा एक वेगळाच संसार होता. सोमवारी आंघोळ, कपाळाला विभूती, पूजा, आणि मग लगेच पेटीची तपासणी. कॅलेंडरचं जुनं पान झाकणात धरायचं, झाकण लावायचं आणि पान ओढायचं. पान अडकून बसलं तर रबर घट्ट आहे. सुळकन बाहेर आलं तर रबर ढिलं झालं, थंडी बाहेर चालली. चारी बाजूंनी असं करायचे. पान निसटलं की दिवसभर चेहरा पडलेला. मग गरम पाण्यात फडकं बुडवून रबराचा कोपरा शेकायचा, मऊ करायचा आणि झाकणावर ज्वारीचं पोतं ठेवून दाबून बसवायचा. दुपारच्या उन्हात झाकण उघडायला सक्त बंदी. आत साचलेल्या बर्फाला लोखंड लावायला तर त्याहून सक्त. त्यासाठी एक लाकडी उलथणं ठेवलेलं होतं आणि ते स्वयंपाकघरात न्यायला मनाई होती. लाईट गेली की पेटीवर चादरी पडायच्या, चांगल्या जाड, घरात होत्या तेवढ्या सगळ्या. बाहेर जीव नकोसा करणारं ऊन आणि आत पेटी पांघरूण घेऊन बसलेली. लाईट आली की तिला वारा लागावा म्हणून आप्पा चपळाईने सगळ्या चादरी ओढून काढायचे. त्या वयात ती चपळाई मी दुसऱ्या कुठल्या कामात पाहिली नाही.

गल्लीशी त्यांचं भांडण व्हायचं तेही पेटीवरूनच. मे महिन्यात सगळ्यांचे कूलर लागले की व्होल्टेज पडायचं. स्टॅबिलायझरचा काटा खाली आला की आप्पा उघड्या अंगाने, खांद्यावर पंचा टाकून, घरोघर जायचे. "जरा कूलर बंद करा की. आमची पेटी धापा टाकायलीय." समोर एक तेलुगू बोलणाऱ्या विणकरांचं घर होतं. तिथल्या काकू एकदा फार चिडल्या. "आप्पा, तुमच्या हुरड्यासाटी आमी माणसं भाजून घ्यायची का?" आप्पा शांतपणे म्हणाले, "तुमी पाण्यानं आंगूळ करू शकता. हुरड्याला करता येत न्हाय." त्यानंतर त्या दोन घरांत बरेच दिवस बोलणं नव्हतं.

झाकणाचं रबर एकदा उंदराने कुरतडलं. शेकून, चिकटवून, सायकलची ट्यूब कापून लावून सगळं झालं, पण कॅलेंडरचं पान काही अडकेना. मिस्त्री यायचे ते आप्पांच्याच वयाचे, विजापूर वेशीकडचे, फ्रिज आणि एसीची कामं करणारे. त्यांनी हात टेकले. "इसका रबर अब नई मिलता आप्पा. कंपनीच नई रही तो रबर कां से लाऊं?" पण पार्ट कुठंतरी असतोच! मग आप्पांनी सुताच्या दोऱ्याने झाकणाची मापं घेतली, तो दोरा खिशात ठेवला आणि दिसेल त्या फ्रीजरवर धरून बघायला सुरुवात केली. डेअऱ्या झाल्या, कुल्फीवाले झाले, भंगारबाजार झाला. आमच्या शाळेतल्या एका बाईंच्या लग्नाला मी त्यांना घेऊन गेले होते. अक्षता पडत होत्या आणि आप्पा शेजारी नव्हते. शोधत गेले तर कार्यालयाच्या भटारखान्यात गुडघ्यांवर बसून फ्रीजरला दोरा लावत होते, आणि आचारी झारा हातात घेऊन बघत उभा होता. "बोटभर लांब हाय," आप्पा मला म्हणाले. नवरानवरीला आशीर्वाद द्यायचं त्या दिवशी राहूनच गेलं.

शेवटी रबर सापडलं वैरागला. तिथल्या एका दूधवाल्याकडे तशीच पेटी मरून पडली होती आणि तो तिच्यात पेंड ठेवायचा, उंदीर लागू नयेत म्हणून. रबर काढलं तर उंदीर आत शिरतील, म्हणून तो देईना. आप्पांनी दिवसभर तिथे बसून त्याच्या झाकणाला कडी आणि पत्र्याची पट्टी बसवून दिली, आणि मग रबर घेतलं. संध्याकाळी ते एसटीतून उतरले तेव्हा मी भाजी घेऊन स्टँडवरूनच येत होते. रबराचं मोठं चौकोनी कडं त्यांनी गळ्यात घातलं होतं, ते गुडघ्यांपर्यंत लोंबत होतं, आणि नुकताच सत्कार झाल्यासारखे ते चालत होते. रिक्षावाले हसत होते. मीही हसले. आता तो चालण्याचा डौल आठवला की हसू येत नाही, नुसतं परत स्टँडवर जाऊन उभं राहावंसं वाटतं.

मी एकदा त्यांना सरळ विचारलं होतं, लेक एवढं म्हणते ऑनलाइन नवा फ्रीजर पाठवते म्हणून, तर घेत का नाही? त्यावर म्हणाले, "नव्याला काय करायचं आसतं? त्येच्याकडं नुसतं बगत बसायचं." मला तेव्हा हा हट्टीपणा वाटला. मी तोंडावर तसं बोललेही. त्यांनी मला विड्याचं पान लावून दिलं आणि विषय मिटवला.

मग एका वर्षी खरोखरच तिकिटं निघाली. जून, पोरांसकट. आप्पांनी घराला रंग दिला, संडासाला नवी कडी बसवली, गादीवाल्याकडून कापूस पिंजून आणला. तिला यायला आठवडा राहिला आणि त्यांना पेटी आतून स्वच्छ करायची हुक्की आली. हुरड्याच्या तळाकडच्या पिशव्या बर्फात रुतल्या होत्या. एरवी ते पेटी बंद करून बर्फ आपोआप सुटायची वाट बघत. पण त्या दिवसांत त्यांच्याकडे कुठल्याच गोष्टीला धीर नव्हता. लाकडी उलथणं मोडलं. आणि मग ज्यांनी आयुष्यभर त्या पेटीला लोखंड लावू दिलं नाही, त्या आप्पांनी परसातलं खुरपं आणलं.

"बाई!" अशी हाक आली की मी हातातलं काम टाकून जिना उतरले. आप्पा कमरेत वाकून पेटीत अर्धे आत होते. एका हाताचं बोट आतल्या पत्र्यावर घट्ट दाबून धरलेलं. फुस्स असा बारीक आवाज येत होता. "भोक पडलं," ते म्हणाले. "मिस्त्रीला बोलवा. मी गॅस धरून ठेवलाय." मी म्हटलं, आप्पा, बोट काढा, गारठून काळं पडेल. ते काही काढेनात. मी फोन केला. मिस्त्री येईपर्यंत ते तसेच वाकून उभे राहिले, डोकं पेटीत, पाठ जिन्याकडे, आणि आतून त्यांचा आवाज येत होता, "आठ दिस, बाई. आठ दिस ऱ्हायले व्हते की फकस्त."

मिस्त्रींनी आत डोकावून पाहिलं आणि त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "उंगली निकालो, आप्पा. जाने का सो गया." भोक बुजवता आलं असतं, पण नळ्यांत ओल शिरली होती, कंप्रेसर आधीच थकलेला, आणि नवा गॅस भरून पेटी धरेल याची ते खात्री देईनात. उद्यापर्यंत बर्फ सुटणार होता. आप्पा पेटीशेजारी पाटावर बसले. चादरी घालतो म्हणाले नाहीत, पार्ट कुठंतरी असतोच असंही म्हणाले नाहीत. बोट पांढरंफटक झालं होतं, त्याच्याकडे बघत बसले. मला त्यांचा इतका राग आला, आणि इतकं रडू आलं, की मी सरळ बाहेर जाऊन ओट्यावर उभी राहिले.

बातमी एव्हाना गल्लीभर झाली होती. तेवढ्यात समोरच्या काकू आल्या. हाक नाही, काही नाही. सरळ जिन्याखाली गेल्या आणि म्हणाल्या, "आप्पा, आमचा फ्रीजर रिकामा केलाय. बर्फ टाकून दिला सगळा. चार पिशव्या मावतील. द्या इकडं." आप्पांनी चार पिशव्या काढून दिल्या. मग मिस्त्री म्हणाले, दो मेरे घर को देव. मग गवळी आला, कोपऱ्यावरचा मेडिकलवाला आला. तासाभरात लेकीचा हुरडा सगळ्या गल्लीत बिऱ्हाडाला गेला. कुणाच्या बर्फाच्या ट्रेशेजारी, कुणाच्या मटारावर. ज्या ज्या घरचा कूलर आप्पांनी बंद करायला लावला होता, त्यातलं एकही घर सुटलं नाही.

लेक आली. विमानातून मुंबई, तिथून गाडीने सोलापूर, सुजलेले डोळे, दोन पोरं. चहा होतो न होतो तोच आप्पांनी तिला पिशवी दिली आणि म्हणाले, "चल, हुरडा गोळा करून आनू." प्रत्येक घराने तिला बसवलं. कुणी चुरमुऱ्यांचा सुशीला केला, कुणी नुसतं जवळ घेऊन आईची आठवण काढली, समोरच्या काकूंनी तर ओटी भरली. सगळी दारं फिरून यायला त्यांना संध्याकाळ झाली. पोरं कंटाळून माझ्या खोलीत झोपून गेली होती.

परसात आप्पांनी गोवऱ्यांचा आर करून ठेवला होता. जूनच्या उकाड्यात! तव्यावर हुरडा गरम केला, शेंगाचटणी वाढली, दही वाढलं. मीही समोर होते, म्हणून एरवी कानडीत बोलणारी ती दोघं मराठीत बोलत होती. तिने घास घेतला. सावकाश चावला. माझी नजर तिच्या तोंडावर आणि आप्पांची तर विचारूच नका.

"तसाच आहे, आप्पा," ती म्हणाली. "अगदी तसाच."

आप्पांनी मग स्वतः चिमूटभर उचलून तोंडात टाकला. इतकी वर्षं तो हुरडा जपला, पण त्यातला दाणाही त्यांनी कधी खाल्ला नव्हता, तो तिचा होता म्हणून. दोन-तीनदा चावला आणि थांबले. मी आधीच खाऊन बघितला होता, त्यामुळे मला माहीत होतं. चिवट, पाणचट, ना गोडी ना वास.

"खोटं बोलू नगंस," ते म्हणाले. "ह्याच्यात काय बी न्हाय."

तिने ताट खाली ठेवलं. मी आरातली गोवरी सारखी केली. मग आप्पा एकदम म्हणाले, "पौषात ये की."

त्या घरात मी राहत होते तेवढ्या वर्षांत त्यांनी फोनवर तिला सगळं विचारलेलं मी ऐकलं होतं; तेवढं कानडी मला कळू लागलं होतं. बर्फ किती पडला, पोरं काय खातात, जावयाचं पोट कसं आहे. "ये" मात्र एकदाही म्हटलेलं ऐकलं नव्हतं. तिलाही ते जाणवलं असावं. कारण ती हळूच म्हणाली, "आप्पा, इतकी वर्षं कधी म्हणाला नाहीत असं."

"तू न्हाय जमत म्हनली असतीस," आप्पा म्हणाले, "तर त्येला कुटला पार्ट बसवनार व्हतो मी?"

ती रडली, मग आप्पाही रडले, आणि मी ताटं उचलून आत गेले. तिने त्या दिवशी येते म्हणून कबूल केलं नाही. बघते म्हणाली. आप्पांनी मान हलवली आणि म्हणाले, बघ. ती गेल्यावर त्यांनी मिस्त्रींना पुन्हा बोलावलं नाही. पेटी उचलली गेली, जिन्याखाली जागा झाली, तिथे त्यांनी माझी सायकल लावायला सांगितली. दिवाळीनंतर मला पुण्यात नोकरी लागली. निघताना आप्पा स्टँडवर आले होते, आणि गाडी सुटेपर्यंत कंडक्टरशी खिडकीच्या ढिल्या काचेबद्दल वाद घालत होते. मागच्या उन्हाळ्यात ते गेले. मला कळलं तेव्हा सगळं उरकलं होतं. अजूनही सोलापूरकडचं कुणी भेटलं आणि "लई" म्हणालं की मी उगाच त्या माणसाला बोलत ठेवते.

पण मी पुण्याला आले त्या पहिल्या पौषातली गोष्ट. शाळा चालू होती, माझा सातवीचा तास होता, आणि आप्पांचा फोन आला. वेळापत्रक ही गोष्ट त्यांना कधीच मान्य नव्हती. मी कापला, त्यांनी परत केला. मी घाबरून वर्गाबाहेर आले.

"बाई, रानातनं बोलतोय," आप्पा ओरडले. वारा इतका होता की शब्द अर्धेच ऐकू येत होते. "आली की! येकटीच आलीय, पोरं तितं ठिवून. थांबा, देतो तिला."

फोन एका हातातून दुसऱ्या हातात गेला. आर फुटल्याचा तडतड आवाज आला, कुणीतरी राख झटकली. मी "हॅलो, हॅलो" म्हणत होते आणि पलीकडून काहीच उत्तर नव्हतं.

"आगं बोल की!" मागून आप्पा खेकसले. "बाई लायनीवर हायेत!"

पण तिला बोलता येत नव्हतं. तोंड भरलेलं होतं. सातवीचा वर्ग आत गोंधळ घालत होता, आणि मी व्हरांड्यात फोन कानाला घट्ट धरून तिचं चावणं ऐकत उभी राहिले.